‘गेट’चा अर्थ हवा असेल तर त्याच्या पुढचा शब्द वाचा

ज्यांनी हा प्रश्न विचारला आहे त्यांची अडचण आधी थोडक्यात सांगते. त्यांचा रोजचा बराचसा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो आणि ‘गेट’ या शब्दाने त्यांना हैराण केलं आहे. दाराचं गेट नव्हे. ‘मिळणे’ असा एकच अर्थ सांगून शाळेत आपल्या गळ्यात बांधलेलं ते छोटंसं क्रियापद. त्यांनी शब्दकोश घेऊन एकेक अर्थ वहीत उतरवला, यादी ४८ वर गेली, ती त्यांनी पाठही केली. तरीही एका सहकाऱ्याचा निरोप आला, ‘आय डिडन्ट गेट टू इट यस्टरडे, बट आय विल गेट इट डन टुडे’, तेव्हा तो त्यांनी ‘काल मला ते मिळालं नाही’ असा वाचला आणि तीच फाइल त्याला पुन्हा पाठवली. दुसरं एक वाक्यही त्यांनी दिलं आहे, ते तर पूर्णच डोक्यावरून गेलं म्हणतात: ‘आय डोन्ट गेट व्हाय ही गेट्स टू डिसाइड हू गेट्स व्हॉट.’ आणि मग विचारतात, अजून किती अर्थ पाठ करू?

माझं उत्तर: एकही नको. उलट ती यादी काही दिवस बाजूला ठेवा.

मी २२ वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. त्यातलं निम्म्याहून जास्त काम चित्रपट-मालिकांच्या उपशीर्षकांचं, म्हणजे पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळींचं. बोलण्यातलं इंग्रजी दिवसभर कानावर आणि डोळ्यांसमोर असतं आणि त्यात ‘गेट’ भेटला नाही असा एक तास जात नाही. या कामात नव्याने येणाऱ्यांना शिकवतेही. त्यामुळे तुमची अडचण मला परकी नाही. पण ती शब्दसंग्रह कमी पडल्याची नाही. तुम्ही शब्द एकटा वाचता आहात, आणि ‘गेट’ एकटा असताना जवळजवळ रिकामा असतो. त्याला अर्थ देतात त्याच्या पुढे बसलेले शब्द.

हे पटत नसेल तर आपल्याच भाषेतल्या ‘लागणे’कडे बघा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, डोळा लागतो, वेळ लागतो, नाद लागतो, रांग लागते, दार लागतं, निकाल लागतो. ‘ती तुझी कोण लागते?’ असं आपण विचारतो. यातला एकही अर्थ आपण पाठ केलेला नाही. ‘डोळा लागला’ म्हटल्यावर कुणी डोळ्याला इजा झाली का असं विचारत नाही, कारण आपण ‘लागणे’ कधी सुटं वाचतच नाही. ‘डोळा लागणे’ हा एक तुकडा म्हणून ऐकतो. आता याहून बारीक गोष्ट. ‘तो रडायला लागला’ आणि ‘त्याला रडावं लागलं’. क्रियापदं तीच दोन. पण ‘रडायला’चं ‘रडावं’ झालं, ‘तो’चा ‘त्याला’ झाला, आणि सुरुवात होण्याच्या जागी सक्ती आली. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ‘लागणे’चे ४८ अर्थ पाठ केले तरी या दोन वाक्यांपाशी तो अडेल. आणि ‘-आयला लागणे’ आणि ‘-आवं लागणे’ असे दोन साचे त्याला कुणी दाखवले तर यादी नसतानाही निभावून नेईल. ‘गेट’चं अगदी असंच आहे.

यादी लांबत जाते यात तुमची काही चूक नाही. छोटे, रोजचे शब्द सगळ्याच भाषांत असे पसरतात. जॉर्ज किंग्स्ली झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली हे नेमकेपणाने मांडलं: शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला तेव्हा प्रस्तावनेत अशा ढिल्या अर्थाच्या क्रियापदांनी आपलं काम किती वाढवलं हे लिहून ठेवलं आहे, आणि तिथे दिलेल्या नावांत ‘सेट’, ‘रन’, ‘टेक’ यांच्याबरोबर ‘गेट’ही आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती, सुमारे ६०,००० शब्दांची. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं, नव्याने तपासलेल्या नोंदीत एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ वेगळे काढले गेले. ही माणसं अर्थ वेगळे काढतात ते नोंदीसाठी, तो त्यांचा धर्मच आहे. पण बोलणारा माणूस ६४५ खण डोक्यात घेऊन फिरत नाही.

मग त्याच्या डोक्यात काय असतं? माझ्या अनुभवात ‘गेट’च्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आधी नसलेली स्थिती आता आली. इंग्रजीत ‘हॅव’ आणि ‘बी’ ही दोन क्रियापदं नुसतं असणं सांगतात. जवळ असणं, अमुक असणं, अमुक ठिकाणी असणं. त्या असण्यापर्यंत येण्याचा जो क्षण, जी हालचाल, ती ‘गेट’ सांगतो. पत्र जवळ आहे, ‘आय हॅव द लेटर’. ते मिळालं, ‘आय गॉट द लेटर’. मी रागावलेली आहे, ‘आय ॲम अँग्री’; राग आला, ‘आय गॉट अँग्री’. मी घरी आहे, ‘आय ॲम होम’. घरी पोहोचले, ‘आय गॉट होम’. तीन वाक्यांत तीन मराठी क्रियापदं आली, इंग्रजीत मात्र एकच, कारण तिन्हीकडे उंबरठा ओलांडणं तेवढं सांगायचं आहे. ओलांडून कुठे आलो, ते पुढचा शब्द सांगतो.

या शब्दाचं मूळही याला धरूनच आहे. नवव्या-दहाव्या शतकांत इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून तो इंग्रजीत आला. ‘टेक’ आणि ‘ते लोक’ या अर्थाचा ‘दे’ हेही त्यांचेच. त्यामागचा मूळ धातू ‘पकडणे, हाती घेणे’ असा. त्याच धातूच्या लॅटिन शाखेतून ‘कॉम्प्रिहेन्ड’ म्हणजे आकलन होणे हा शब्द आला. म्हणून ‘आय गेट इट’चा अर्थ ‘समजलं मला’ होतो तेव्हा तो नवा अर्थ मानून वेगळ्या खणात ठेवू नका. मनाने पकडणं हेच समजणं. आपण ‘ग्रहण करणे’ म्हणतो त्यातही पकडणंच आहे.

आता शेजाऱ्यांकडे येते.

पुढे नाम असेल तर ‘गेट’चा अर्थ ‘हॅव’च्या दिशेने जातो: मिळणं. इथे इंग्रजी वाचताना फारसं अडत नाही, मराठी करताना अडतं. ‘शी गॉट अ जॉब’ हे वाक्य नोकरी आपसूक आली की खटपट करून मिळवली याबद्दल गप्प राहतं. मराठीला गप्प राहता येत नाही. ‘तिला नोकरी लागली’, ‘तिला नोकरी मिळाली’, ‘तिने नोकरी मिळवली’, यातलं एक निवडावंच लागतं, आणि ते ‘गेट’कडे बघून कळत नाही; आजूबाजूची गोष्ट वाचावी लागते. मध्ये माणूस आला, ‘गेट मी अ चेअर’, की ‘आणून दे’.

पुढे विशेषण असेल तर ‘होणं’. ‘इट्स गेटिंग लेट’, उशीर होतोय. इथे ‘ही वॉज टायर्ड’ आणि ‘ही गॉट टायर्ड’ यांतला फरक मनात पक्का करा, कारण पुढचं बरंच काही त्यावर उभं आहे. पहिला दमलेला होता. दुसरा दमला. मराठीत हा भेद ‘दमलेला’ आणि ‘दमला’ असा चोख दिसतो, त्यामुळे आपल्याला तो मुद्दाम शिकावा लागत नाही. फक्त दोन भाषांतल्या जोड्या जुळवायच्या.

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, ज्याला आपण शाळेत थर्ड फॉर्म म्हणतो, ते आलं की तोच भेद आणखी उपयोगी पडतो. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात: खिडकी फुटलेली होती, किंवा खिडकी फोडली गेली. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ला दुसरी वाट नाही, खिडकी फुटली. घडलेली गोष्ट. तसंच ‘दे वेअर मॅरीड फॉर टेन इयर्स’ म्हणजे त्यांचा दहा वर्षं संसार झाला. तिथे ‘वेअर’ काढून ‘गॉट’ घालता येत नाही, कारण लग्न लागणं दहा वर्षं चालत नाही. व्याकरणाच्या वहीत हे ‘कर्मणी प्रयोगाचा बोलभाषेतला प्रकार’ एवढ्या ओळीत आटोपलेलं असतं. माझ्या मते ते अपुरं आहे. ‘गॉट’ घातला की बोलणारा त्या घटनेच्या जवळ उभा असतो. ‘ही वॉज फायर्ड’ ही बातमी आहे. ‘ही गॉट फायर्ड’ कुणीतरी कुणाला तरी सांगतंय. म्हणून औपचारिक अहवालात तो टाळतात आणि संवादात तो सारखा येतो.

पुढे ठिकाण असेल तर ‘पोहोचणं’. ‘गेट टू द स्टेशन’, स्टेशनला पोहोचणं. हे ठिकाण खरंखुरं असायला हवं असं मात्र नाही. तुमच्या सहकाऱ्याच्या निरोपाचा पहिला भाग इथे सुटतो. ‘आय डिडन्ट गेट टू इट’: ‘इट’ म्हणजे ते काम, आणि मी तिथपर्यंत पोहोचलो नाही. आधीची कामं आवरण्यात दिवस गेला, तुमच्या कामाची पाळी आली नाही. मराठीत आपण म्हणू, ‘काल ते हातात घ्यायला जमलं नाही.’ फाइल त्याच्याकडे होतीच. तुम्ही वाचताना मधला ‘टू’ गिळलात. ‘आय डिडन्ट गेट इट’ असतं तर ‘मिळालं नाही’ किंवा ‘समजलं नाही’. दोन अक्षरांच्या त्या ‘टू’ने नामाचं ठिकाण केलं.

निरोपाचा दुसरा भाग ‘गेट इट डन’. इथे ‘गेट’च्या पुढे आधी वस्तू आणि मग तिची शेवटची स्थिती. ‘ते’ आणि ‘झालेलं’. म्हणजे ते झालेल्या स्थितीला नेईन: ‘आज करून टाकतो.’ स्वतः करेल की दुसऱ्याकडून करून घेईल, हे इंग्रजीत उघडं ठेवलेलं आहे. पुष्कळदा दुसऱ्याकडून करून घेणं असतं, आणि त्यासाठी मराठीजवळ ‘-ून घेणे’ हा फार छान साचा आहे. ‘आय गॉट द हाउस पेंटेड’, घर रंगवून घेतलं. ‘आय गॉट माय हेअर कट’, केस कापून घेतले. आपण मराठीत सरळ ‘मी केस कापले’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. तेच इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं तर समोरच्याला वाटतं, याने स्वतःच कात्री चालवली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत ही चूक इतकी वारंवार दिसते की मी पहिल्याच आठवड्यात हे वाक्य फळ्यावर लिहिते. याच साच्याला एक काटाही आहे. ‘आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर.’ साचा अगदी तोच: वस्तू, मग स्थिती. पण दारात बोट कुणी मुद्दाम चेमटून घेत नाही. बोट दारात सापडलं, एवढंच. साचा तुम्हाला ‘बोट त्या स्थितीला आलं’ इथवर आणतो. आणलं की आलं, हे जगाच्या अनुभवावरून ठरवायचं.

‘टू’च्या पुढे क्रियापद आलं तर सावकाश वाचा. सगळ्यात जास्त घसरण इथेच होते. चार वाक्यं देते.

‘आय गॉट टू मीट हर.’ मला तिला भेटायला मिळालं. संधी आली, आनंदाची गोष्ट.

‘आय हॅव गॉट टू मीट हर.’ मला तिला भेटावंच लागेल. सक्ती.

‘आय गॉट टू नो हर.’ हळूहळू माझी तिच्याशी ओळख झाली.

‘आय गॉट हिम टू मीट हर.’ मी त्याला तिला भेटायला राजी केलं.

पहिल्या दोनांत फक्त ‘हॅव’चा फरक, आणि ‘भेटायला मिळालं’चं ‘भेटावं लागेल’ झालं. ‘रडायला लागला’ आणि ‘रडावं लागलं’ आठवा. आपल्या भाषेतही असं होतंच. खरी पंचाईत ऐकताना होते, कारण बोलताना तो ‘हॅव’ आधी ‘व्ह’ होतो आणि मग पार गळून जातो. ‘आय गॉटा गो’ असं ऐकू आलं तर तिथे गळालेला ‘हॅव’ आहे, ‘निघायला हवं’ असा अर्थ. चौथ्या वाक्यात मध्ये माणूस आला. ‘गेट’ वापरला म्हणजे थोडी मनधरणी, थोडी खटपट झाली. ‘मेड हिम’ म्हटलं असतं तर भाग पाडलं. ‘हॅड हिम’ म्हटलं असतं तर नुसतं सांगितलं आणि त्याने केलं.

‘हॅव गॉट’चं थोडं जास्त सांगते, कारण तुमच्या यादीत तो अपवाद म्हणून लाल शाईने लिहिला असेल. ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे ‘माझ्याकडे गाडी आहे’. यात उंबरठा ओलांडणं कुठे गेलं? ते आहे, फक्त मागे पडलं आहे. मूळ अर्थ ‘मी मिळवली आहे’. मिळवली आहे म्हणजे आता जवळ आहे. वापरून वापरून मिळवणं विसरलं गेलं आणि जवळ असणं उरलं. अमेरिकन इंग्रजीत हे दोन अर्थ आजही वेगवेगळ्या रूपांत दिसतात: ‘हॅव गॉट’ म्हणजे आहे, ‘हॅव गॉटन’ म्हणजे मिळवलं किंवा झालं. ‘शी हॅज गॉट अ कोल्ड’, तिला सर्दी आहे. ‘इट हॅज गॉटन कोल्ड’, गारठा वाढलाय. ब्रिटिश लिखाणात दोन्हीकडे ‘गॉट’च येतो. तेव्हा ‘गॉटन’ दिसला तर ती चूक समजू नका, समोरची व्यक्ती बहुधा उत्तर अमेरिकेतलं इंग्रजी लिहिते आहे.

आता शेजारी शब्दांच्या पलीकडचा एक शेजार. त्यासाठी माझ्या कामातला एक प्रसंग सांगते, तो मी अजून विसरलेले नाही.

कामाची सुरुवातीची वर्षं होती. एका चित्रपटाच्या संवादांची नुसती लिखित यादी माझ्याकडे आली होती, ओळ आणि तिची वेळ, चित्र नाही. त्यात ‘आय गॉट यू’ ही ओळ तीनदा होती. पहिल्या ठिकाणी आधीच्या ओळी बघता कुणीतरी कड्यावरून लटकत होतं, म्हणून मी ‘पकडलं तुला’ लिहिलं. पुढच्या दोन ठिकाणीही तेच ठेवलं. एकाच शब्दाला एकच प्रतिशब्द ठेवला की काम नेटकं होतं असं तेव्हा मला वाटे. शेवटच्या तपासणीला चित्रासकट बघायला बसले. कड्याचा प्रसंग बरोबर होता. मग दवाखान्याचा लांब बोळ आला. बहिणीला डॉक्टरांनी आत्ताच काहीतरी सांगितलं आहे, ती भिंतीला टेकून खाली सरकते आहे, भाऊ धावत येतो, तिच्या खांद्याला हात लावतो, आणि तळाशी माझी ओळ उमटते: ‘पकडलं तुला.’ लपाछपी चालल्यासारखी. मी तिथेच चित्र थांबवलं. ती ओळ ‘मी आहे ना’ अशी केली. तिसरी ओळ फोनवरची होती, पलीकडचा पत्ता सांगत होता आणि हा लिहून घेत होता. तिथे ‘कळलं’ एवढंच हवं होतं. त्या दिवसापासून चित्राशिवाय काम घ्यायचं नाही हा माझा नियम आहे.

तिन्ही ठिकाणी ‘गेट’ने मूळची गोष्ट सोडलेली नव्हती. पहिल्यात हात धरला, दुसऱ्यात जीव सावरला, तिसऱ्यात बोलणं ध्यानात आलं. तिन्हीकडे काहीतरी निसटता निसटता हाती आलं. पण कोण, कुणाला, कुठल्या घडीला म्हणतंय हे बघितल्याशिवाय मराठी ओळ ठरत नव्हती. पत्रव्यवहारात तुमच्यासमोर चित्र नसतं, पण आधीचे दोन निरोप असतात. ते वर जाऊन वाचा. तुमचं चित्र तेच.

‘अप’, ‘ओव्हर’, ‘थ्रू’ यांसारख्या छोट्या शब्दांबरोबरच्या जोड्यांवर फार वेळ घालवत नाही. त्यांतल्या बऱ्याच ‘ठिकाण’ या साच्यातच बसतात. ‘गेट ओव्हर’, पलीकडे जाणं: भिंतीच्याही आणि आजाराच्या किंवा दुःखाच्याही. ‘गेट थ्रू’, पार पडणं. ‘गेट अक्रॉस’, आपलं म्हणणं समोरच्याच्या गळी उतरवणं. ‘व्हॉट आर यू गेटिंग ॲट?’, तुमचा रोख कशावर आहे? काही मात्र ‘ठिकाण’ धरून उलगडत नाहीत. ‘गेट बाय’ म्हणजे जेमतेम भागवणं, ‘गेट अवे विथ’ म्हणजे करूनही सुटणं, ‘गेट ईव्हन’ म्हणजे उट्टं काढणं. एवढ्यांसाठी वही ठेवा. ‘गेट द डोअर’ही त्यातच टाका. बेल वाजल्यावर कुणी असं म्हटलं तर दार उघडायला जायचं असतं.

वही ठेवायची कशी, तेही सांगते. अर्थ लिहू नका, पूर्ण वाक्य लिहा, आणि तेही तुम्हाला प्रत्यक्ष आलेलं. त्यातल्या ‘गेट’नंतरच्या शब्दाखाली रेघ मारा. मग स्वतःला एकच विचारा: हे सगळं झाल्यावर कोण किंवा काय कुठल्या स्थितीत असेल? उत्तर मराठीत द्या. ‘रिपोर्ट झालेला असेल.’ ‘तो तिथे असेल.’ ‘तिला राग आलेला असेल.’ मग त्या स्थितीला नेणारं मराठी क्रियापद आपोआप सुचतं, आणि ते दर वेळी वेगळं आलं तरी घाबरायचं कारण नाही. माझ्याकडच्या नवीन मुलामुलींना मी एका साच्याची पाच वाक्यं गोळा झाल्याशिवाय पुढच्या साच्याकडे जाऊ देत नाही. कुणाला दोन आठवडे पुरतात, कुणाला दोन महिने. रोज किती इंग्रजी वाचता, त्यावर ते ठरतं.

आणखी काही गोष्टी तुमच्या गरजेवर अवलंबून आहेत. फक्त वाचून समजायचं असेल तर वरचे साचे पुरेसे आहेत. बोलायचंही असेल तर ऐकण्यावर जास्त वेळ द्या, कारण गळालेला ‘हॅव’ कागदावर दिसत नाही, तो कानालाच ओळखता यायला हवा. औपचारिक पत्र किंवा परीक्षेतला निबंध लिहायचा असेल तर ‘रिसीव्ह’, ‘ऑब्टेन’, ‘बिकम’ असे नेमके शब्द वापरा. शिक्षक ‘गेट’ टाळा असं सांगतात ते तेवढ्यापुरतं योग्य आहे. पण तोच सल्ला बोलण्याला लावला की माणसं ‘आय रिसीव्ह्ड टायर्ड’सारखी वाक्यं करून बसतात. ती मी ऐकली आहेत, आणि ती बोलणारी माणसं मेहनती होती. त्यांना साचा न देता नुसता प्रतिशब्द दिला गेला होता, याचं मला वाईट वाटतं.

आता तुमचं दुसरं वाक्य. ‘आय डोन्ट गेट व्हाय ही गेट्स टू डिसाइड हू गेट्स व्हॉट.’ तीन ‘गेट’ आहेत, तिन्हींच्या पुढचा शब्द बघा. पहिल्यापुढे ‘व्हाय’ने सुरू होणारी अख्खी गोष्ट आहे. ती हातात घ्यायची वस्तू नाही, मनाने पकडायची आहे: ‘मला कळत नाही.’ दुसऱ्यापुढे ‘टू डिसाइड’, म्हणजे ‘टू’ आणि क्रियापद, मागे ‘हॅव’ नाही. म्हणून सक्ती नाही, मुभा: ‘त्याला ठरवायला मिळतं.’ तिसऱ्यापुढे ‘व्हॉट’, नामाच्या जागी आलेला शब्द. म्हणजे शाळेत शिकलेलं तेच साधं ‘मिळणं’. मी ते मराठीत असं लिहीन: ‘कुणाला काय मिळणार हे ठरवायचा अधिकार त्यालाच का, हे मला कळत नाही.’ बोलणारा चिडलेला आहे. उत्तर देण्याआधी त्याचे वरचे दोन निरोप वाचून घ्या.